व्हर्नाच्या अर्जावरची दुसरी सही

व्हर्ना फिलब्रुकने अर्जाचा कागद तिसऱ्यांदा वाचला आणि तिसऱ्यांदा चष्मा टेबलावर आपटला.

"ही अट ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली असेल ना, त्याला फेब्रुवारीत आमच्या धक्क्यावर दोन तास नुसता उभा करा," ती म्हणाली. समोर शेजारची लीटा एम्स बसली होती. व्हर्ना आजारी पडल्यापासून तिचं सगळं लीटाच बघायची. तिने चष्मा उचलून पुसला आणि परत व्हर्नाच्या हाताशी ठेवला. चार महिन्यांत त्या चष्म्याची एक काडी मोडली होती आणि लीटाने ती चिकटपट्टीने जोडली होती.

अट वाचायला साधीच होती. अमेरिकेच्या मेन राज्यात आता असा कायदा आहे की ज्याचं आयुष्य सहा महिन्यांच्या आत संपणार असं दोन डॉक्टर लिहून देतात, त्या सज्ञान माणसाला मरणाचं औषध मागता येतं. तोंडी दोनदा मागायचं, मधे पंधरा दिवस सोडून. लेखी एकदा. लेखी अर्जावर दोन साक्षीदार लागतात, आणि त्यातला एक तरी असा लागतो की जो नात्यातला नाही आणि ज्याला मेलेल्याच्या मागे सुतळीचा तोडाही मिळणार नाही. म्हातारीला घाईघाईने वर पाठवून कुणी तिचं घर लाटू नये म्हणून ही काळजी. शहरात ठीक आहे. शहरात शेजाऱ्याला शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, साक्षीदार काय, पैशाला पासरी मिळतात.

व्हर्नाच्या बेटावर हिवाळ्यात अडतीस माणसं राहायची. एक ती स्वतः. उरलेल्या सदतिसांपैकी छत्तीस जणांना तिने मृत्युपत्रात काही ना काही ठेवलं होतं.

याला कारण होतं. आमच्या बेटांवर माणूस मेला की त्याच्या शेगडीवरून भांडणं सुरू होतात आणि ती नातवंडांपर्यंत चालतात. व्हर्नाने अशी तीन भांडणं उभ्या जन्मात पाहिली होती. म्हणून अन्ननलिकेत गाठ आहे असं ऑक्टोबरात कळल्यावर ती रडत बसली नाही. वही घेऊन बसली. बेटाच्या उत्तर टोकापासून एकेक घर डोळ्यांसमोर आणत तिने वाटणी केली. घर लीटाच्या मुलीला, कारण ती नवरा आणि दोन पोरांसह उन्हाळी पाहुण्यांच्या बंगल्यात भाड्याने राहायची आणि दर जूनमध्ये मालक आले की गाठोडं उचलून आईच्या माडीवर यायची. बोट तिच्या हाताखाली नऊ वर्षं राबलेल्या गड्याला. टपालाची बोट चालवणारा चुलतभाऊ होता, त्याला मोठा नांगर. शाळेत सप्टेंबरात नवीन आलेल्या मास्तरीणबाईंना पिसांची गादी, कारण शाळेच्या खोलीतली गादी म्हणजे नुसतं कोबीचं पोतं आहे असं व्हर्नाने ऐकलं होतं. कुणी म्हणून सोडलं नाही. मुख्य भूमीवरच्या वकिलाने तीन तास लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, झालं का.

नाही म्हणाली. अजून एक. "ऑरिन लंट. त्याच्या नावापुढे लिहा, काही नाही."

वकील म्हणाला, काही द्यायचं नसेल तर नाव घालायची गरज नसते. व्हर्ना म्हणाली, मला गरज आहे.

आता हा ऑरिन कोण ते सांगायला हवं. एकोणतीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, व्हर्नाचा नवरा कॅरोल शेवंडांचे पिंजरे ओढताना पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी देह मिळाला. अजून दफन व्हायचं होतं, चर्चच्या बायका काकवीत घेवडे शिजवत होत्या, आणि खडकापलीकडे जिथे कॅरोल पिंजरे टाकायचा तिथे ऑरिन लंटचे हिरवे-पांढरे बोये, म्हणजे पिंजऱ्याच्या दोराला बांधलेले तरंगे, डोलायला लागले. शेवंडाच्या धंद्यात समुद्राची वाटणी कुठल्या कागदावर नसते. कुणाचा बाप कुठे पिंजरे टाकायचा ते सगळ्यांना पाठ असतं, तोच सातबारा. कुणी घुसला तर त्याच्या बोयाच्या दांड्याला दोराची दुहेरी गाठ मारतात. समजणाऱ्याला इशारा पुरे. पुन्हा घुसला तर सुरी. दोर कापला की पिंजरा तळाला, आणि तक्रार कुणी कुणाकडे करत नाही.

व्हर्नाने नवऱ्याला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची बोट काढली. ती तोवर घरात जाळी विणायची, बोटीवर कधी राबली नव्हती. दोनदा गाठी मारल्या. ऑरिनने सोडून टाकल्या. तो म्हणायचा, मेलेल्याची जागा समुद्र मोकळी ठेवत नसतो. तिसऱ्या वेळी तिने एका सकाळी त्याचे बासष्ट दोर कापले. मग त्याने तिचे चाळीस कापले. मग दोघंही थांबली, पण बोलणं जे बंद झालं ते झालंच. अडतीस माणसांच्या बेटावर एकोणतीस वर्षं एकमेकांशी न बोलणं म्हणजे चेष्टा नाही. दुकानात एक आला की दुसरा डबाबंद माशांच्या फळीमागे जायचा. व्हर्नाने मात्र ती जागा राखली, सत्तराव्या वर्षापर्यंत तिथेच पिंजरे ओढले, आणि बेटावरच्या बाप्यांपेक्षा चार पिंजरे जास्तच ओढले. एकुलता मुलगा ड्वाइट अठराव्या वर्षी फ्लोरिडाला पळाला तो नाताळच्या फोनपुरता उरला.

एकदा दोघं एका छपराखाली बसली होती, तेही याच कायद्यापायी. दोन हजार एकोणिसात राजधानीत, ऑगस्टाला, विधेयकावर सुनावणी होती. कुणीही यावं, तीन मिनिटं बोलावं. व्हर्ना गेली, कारण तिची आई जबड्याच्या कर्करोगाने अकरा आठवडे मरत होती आणि शेवटचे तीन आठवडे व्हर्ना दिसली की सुटका कर म्हणून हात जोडायची. व्हर्ना निळा स्वेटर घालून गेली, कागदावरून वाचलं, आभार मानले. त्याच टपालाच्या बोटीने ऑरिनही गेला, बोटीच्या दुसऱ्या टोकाला बसून. तो विरोधात बोलला. सरकार आमच्या शेवंडाची पाठ पट्टीने मोजतं, बोटभर कमी भरला तर दंड करतं, दोर कुठला वापरायचा ते सांगतं. आता माणसाचं मरणही तुमच्या पट्टीत घालणार का, असं त्याने विचारलं. आणि म्हाताऱ्याच्या घरावर डोळा ठेवून बसलेल्या वारसांचं काय? त्यांना कोण आवरणार?

थोडक्या मतांच्या फरकाने कायदा झाला. वारसांना साक्षीला बसू न देण्याची अट मसुद्यात आधीपासूनच होती. पण ऑरिन बेटावर सांगत सुटला की ती माझ्या तीन मिनिटांमुळे आली.

म्हणून तर व्हर्नाचा चष्मा तिसऱ्यांदा आपटला होता.

तोंडी मागणं दोनदा होऊन गेलं होतं, उरला होता लेखी अर्ज. पहिली साक्षीदार मास्तरीणबाई ठरली. गादीवाली असली तरी चालत होती, पहिल्याला मनाई नव्हती. अडलं ते दुसऱ्यापाशी. चर्चचे धर्मोपदेशक महिन्यातून एकदा यायचे, त्यांनी सद्सद्विवेकबुद्धी पुढे केली. आठवड्याला येणारी नर्स तयार होती, तर तिच्या संस्थेने पत्र पाठवलं की आमची माणसं अशा कागदावर सही करत नाहीत, आपल्या भावना आम्ही समजतो. "भावना समजतात," व्हर्ना म्हणाली. "गिळून दाखव म्हणावं माझ्या भावना." पोर्टलंडहून एक भली बाई, ओळख ना पाळख, सहीसाठी यायला निघाली. धक्क्यापर्यंत आली. वारा ईशान्येचा होता. लाटा बघून ती परत मोटारीत बसली आणि समुद्र शांत झाला की नक्की येते म्हणाली. फेब्रुवारीतला समुद्र शांत व्हायची वाट बघायची म्हणजे म्हैस गाणं शिकायची वाट बघण्यातलाच प्रकार.

आणि वेळ तर नव्हताच. नर्सने लपवून ठेवलं नाही, ते बरं केलं. औषध पेशंटने स्वतःच्या हाताने प्यायचं असतं, कायदाच तसा आहे. दुसऱ्याने पाजलं तर तो खून. व्हर्नाचा गळा आवळत चालला होता. नोव्हेंबरात पाव बंद झाला, जानेवारीत लापशी. आता पातळ सूप चमच्याने उतरायचं आणि अर्धं परत यायचं. नर्स म्हणाली, गिळता येण्याचे फार तर तीन आठवडे धरा. त्यानंतर कागदावर खुद्द राज्यपालाची सही आणली तरी उपयोग शून्य. व्हर्ना मरणाला भीत नव्हती. तिला आईसारखं मरायचं नव्हतं, एवढंच.

वकिलाला फोन झाला. तो म्हणाला, सगळ्यात सोपं म्हणजे मृत्युपत्र रद्द करा. फाडून टाका, मग सगळं कायद्याने मुलाला जाईल आणि अख्खं बेट साक्षीला मोकळं.

"आणि ड्वाइट काय करेल?"

विकतील बहुधा, वकील म्हणाला. समुद्रासमोरची जागा आहे.

व्हर्नाने फोन ठेवला. ड्वाइट विकणार, बॉस्टनचा कुणी दाताचा डॉक्टर घेणार, वर्षातून पाच आठवडे येऊन ओट्यावर वाइन पिणार. लीटाची मुलगी एक दिवस पोरं उचलून कायमची मुख्य भूमीवर जाणार. दोन पोरं गेली की शाळेत उरणार तीन, आणि तिघांसाठी राज्य मास्तर देत नाही. शाळा गेली की बेट गेलं, आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे हिने सुखाने मरायचं तर बेटाने मरायचं. नवीन मृत्युपत्र करायचं तर वकील लाटांतून यायला हवा, आणि त्यालाही परत साक्षीदार हवेत.

"लीटा, आपण माणसं भली झालो की असं होतं," ती म्हणाली. "मी सगळ्यांना शिव्या देऊन मेले असते तर आज दारात साक्षीदारांची रांग लागली असती."

"एक आहे, काकू," लीटा हळूच म्हणाली. बेटावर व्हर्नाला सगळे काकूच म्हणत.

व्हर्नाने असं बघितलं की लीटा उठून भांडी घासायला लागली.

दोन दिवस व्हर्नाने ते नाव घरात घेऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सूप दोन चमच्यांवर अडलं, खोकताना रक्त आलं. तिने लीटाला सांगितलं, जा, विचार त्या मुडद्याला. लीटा गेली आणि पाच मिनिटांत परत आली. ऑरिनने दार उघडलं होतं, ऐकून घेतलं होतं, आणि म्हणाला होता की ज्याला हवं त्याने मागावं. खोटं नव्हतं ते. आमच्याकडे दोर हवा असो की डिझेल, ज्याचं त्याने मागायचं असतं, दुसऱ्याला पाठवणं म्हणजे अपमान. व्हर्नाला हे माहीत होतं आणि म्हणूनच तिचा संताप झाला.

फोन तर तो तिचा उचलणार नव्हता. स्वयंपाकघरात आता व्हर्नाची खाट होती आणि खाटेशेजारी बोटीचा जुना वायरलेस. कॅरोल असताना ती त्यावरूनच विचारायची, जेवायला किती वाजता येतोस. बेटावर प्रत्येक स्वयंपाकघरात आणि प्रत्येक बोटीवर तो दिवसभर चालू असतो. त्यावर बोलणं म्हणजे चौकात उभं राहून बोलणं. व्हर्नाने माइक हातात घेतला. घसा साफ करायला तिला मिनिट लागलं.

"ऑरिन लंट. व्हर्ना बोलतेय. मला तुझी एक सही हवी आहे. कशावर ते तुला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. मी मागतेय."

एकोणतीस वर्षांनी ती त्याच्याशी बोलली होती. अख्खं बेट चमचे खाली ठेवून ऐकत असणार. 

"नाही," ऑरिन म्हणाला. एवढंच.

व्हर्नाने माइक जागेवर ठेवला. तिच्याकडे बघून लीटालाच रडू आलं. मग व्हर्ना म्हणाली, "रडू नकोस. मागून बघितलं. भिकारी तरी याहून काय करतो?" आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिला त्याचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा आला होता, आणि सगळ्यात जास्त ऑगस्टाच्या त्या टायवाल्यांचा, ज्यांनी इतकी दारं करून ठेवली की आत जाणाऱ्याने दारातच मरावं.

बेटाला मात्र राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी वारा थोडा पडला, बोटी बाहेर गेल्या, आणि दुपारी लीटाचा जावई छाती काढून आला. काकू, काळजी करू नका म्हणाला. आम्ही चौघांनी ऑरिनच्या सगळ्या बोयांना गाठी मारल्यात. आज गाठ, परवा सुरी. सही करतो की नाही बघू.

त्याला वाटलं होतं शाबासकी मिळेल. व्हर्ना उठून बसली. कशी बसली कोण जाणे, सकाळी तिला उशी सरकवता येत नव्हती. तिने वायरलेस ओढून घेतला.

"ऐका सगळे. ज्यांनी ऑरिनच्या बोयांना गाठी मारल्यात त्यांनी आत्ताच्या आत्ता बोटी काढायच्या आणि सोडायच्या. त्याने माझ्यावर अन्याय केला तेव्हा तुमच्यातले निम्मे जन्मले नव्हते आणि उरलेले गप्प बसले होते. आता माझ्या नावावर शूर होऊ नका. धाकाने सही घेतलेला कागद मला नको. ज्याला नाही म्हणायचा अधिकार नाही त्याच्या हो ला कोण कुत्रं विचारतं?"

मग तिला खोकल्याची उबळ आली आणि तीही सगळ्यांनी ऐकली. तासाभरात चार बोटी परत पाण्यात गेल्या. जावई जाताना पुटपुटला, हिच्यासाठी करायला जावं तर हिचंच बोलणं खावं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. लीटाने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑरिन लंट फिलब्रुकांच्या दारात उभा राहिला. त्र्याहत्तर वर्षांचा, हाडकुळा, खिशात वाचायचा चष्मा. लीटाने त्याला बघितलं आणि धावत जाऊन शाळेतून मास्तरीणबाईंना आणलं. कॉफी ठेवू का असं लीटा सवयीने विचारून गेली.

"ठेवू नकोस," व्हर्ना आतून म्हणाली. "उद्या कुणी म्हणेल, मिळालं त्याला काहीतरी."

"मला नकोच आहे," ऑरिन म्हणाला. "तुझी कॉफी कॅरोलसुद्धा पीत नव्हता. माझ्या बोटीवर येऊन प्यायचा."

तो टेबलाशी बसला आणि अर्ज वाचायला लागला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. वीस मिनिटं झाली. व्हर्ना त्याच्याकडे बघत होती. म्हातारा झालाय, तिच्या मनात आलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"इथं लिहिलंय की तू शुद्धीवर आहेस आणि तुझ्यावर कुणाचा दबाव नाही, हे मला पटलंय."

"मग?"

"मग मला विचारावं लागेल. सही माझी आहे. या दोघींना बाहेर पाठव."

मास्तरीणबाई आणि लीटा मागच्या पडवीत जाऊन थंडीत उभ्या राहिल्या. ऑरिनने चष्मा काढला.

"व्हर्ना, तुला मरायचंय?"

डॉक्टरांनी तिला खूप विचारलं होतं. दुखणं एक ते दहामध्ये किती, झोप लागते का, मन खिन्न असतं का, दुसरे कुठले उपाय माहीत आहेत का. हे कुणी असं विचारलं नव्हतं. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

"नाही," व्हर्ना म्हणाली, आणि मग तिचा जो बांध फुटला तो फुटलाच. "नाही मरायचं मला, मूर्खा. कुणाला मरायचं असतं? मला मे महिन्यात पाण्यात जायचंय. मला लीटाच्या नातवाला बोट हाकायला शिकवायचंय. मला पाव खायचाय, नुसता पाव, लोणी लावून. मला तू माझ्या आधी मरायला हवा होतास, एकोणतीस वर्षं मी त्या आशेवर होते. पण मरण आलंय, ते काही मी बोलावलेलं नाही. ते इथं घशात बसलंय. ते येऊ नये हे माझ्या हातात नाही. कसं यावं एवढं एक आहे, आणि तेवढ्यासाठी मी कागद घेऊन दारोदार फिरतेय. माझी आई अकरा आठवडे मेली, ऑरिन. रोज मेली. मी उशाशी होते."

बोलून तिला धाप लागली. ऑरिन उठला नाही की पाणी द्यायला धावला नाही. ती परत सरळ बसेपर्यंत थांबला.

"हे ऑगस्टाला का नाही बोललीस?"

"तीन मिनिटं होती. समोर टाय लावलेले लोक होते. शहाण्यासारखं बोलले."

"असं बोलली असतीस तरी मी विरोधच केला असता. आजही करेन."

"मग आलास कशाला? गाठी सोडायला लावल्या म्हणून?"

"त्यामुळे आलो. सही त्यामुळे नाही करत." त्याने चष्मा परत लावला. "हा कायदा बरोबर आहे का, ते इथं विचारलेलं नाही. तू शुद्धीवर आहेस का आणि तुझं तू ठरवलंस का, एवढंच विचारलंय. ते मला आता माहीत झालंय. माहीत असून खोटं कसं लिहू?"

त्याने दोघींना आत बोलावलं. व्हर्नाने सगळ्यांसमोर सही केली, मग मास्तरीणबाईंनी केली. मग ऑरिनने, पूर्ण नाव, मधल्या नावासकट, एवढं मोठं की ओळीच्या बाहेर गेलं. मास्तरीणबाई कागद शाळेतल्या फॅक्स यंत्रावरून डॉक्टरांना धाडायला लगेच निघाल्या.

व्हर्नाला आता दुसरीच पंचाईत झाली. आमच्याकडे कुणाचं काम अंगावर ठेवून कुणी जेवत नाही. दोर दिला तर मासे पोचवायचे, दारातलं बर्फ ओढलं तर केक पाठवायचा. तिने तोंड उघडलं. "ऑरिन, ती खडकापलीकडची जागा..."

"गप्प बस," तो म्हणाला. "एक खिळा जरी माझ्या नावावर केलास तर कागद फुकट जाईल. तुला कळत कसं नाही?"

"मग काय, तुझे उपकार डोक्यावर घेऊन मरू?"

"मर," ऑरिन म्हणाला. "तेवढं सोसावं लागेल." आणि तो गेला.

त्या दिवशी व्हर्नाने त्याला जितक्या शिव्या दिल्या तितक्या एकोणतीस वर्षांत मिळून दिल्या नसतील. लीटा सांगते, शिव्या देऊन ती चार तास गाढ झोपली.

लेखी अर्जानंतर औषध लिहून द्यायला कायद्याने थांबावं लागतं ते अठ्ठेचाळीस तास भरले. लीटाच्या जावयाने लाटांतून जाऊन औषध आणलं. खोकं उशाशी आल्यावर व्हर्ना आणखी आठ दिवस जगली, आणि ते दिवस बरे गेले, दुखणं तेच असून. नवव्या दिवशी सकाळी सूपही उतरेना तेव्हा तिने लीटाला हाक मारली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं लीटाने विचारलं की अजूनही विचार बदलता येईल, बदलायचाय का. व्हर्ना म्हणाली, बडबड करू नकोस, पेला दे. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि स्वतः प्यायली. तोंड वेडंवाकडं करत म्हणाली, "एवढ्या शिकलेल्या लोकांना साखर घालायचं सुचत नाही." थोड्याच वेळात झोपली आणि दुपारच्या आत गेली.

दफनानंतर चर्चच्या खोलीत जेवण होतं. सगळं बेट आलं होतं, धर्मोपदेशकही लाटा कमी झाल्यामुळे येऊ शकले होते. ऑरिन दाराजवळ कुणापाशीही न बसता उभा होता. त्याच्याशी काय बोलावं ते कुणाला कळत नव्हतं. काहींच्या मते त्याने उपकार केले होते आणि काहींच्या मते सूड घेतला होता.

धर्मोपदेशक बशी हातात घेऊन हळहळले. बिचारी खचून गेली होती, म्हणाले. जगायची इच्छाच सरली की माणूस असं काही करून बसतो. आपण तिला दोष देऊ नये. आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, सुटली. कुणी म्हणालं, तिलाच नको झालं होतं.

"तिला मरायचं नव्हतं," ऑरिन दारातून म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. 

"मेमध्ये पाण्यात जायचं होतं तिला. लोणी लावून पाव खायचा होता. तिने स्वतः सांगितलं मला. मी विचारलं होतं. तुमच्यापैकी कुणी विचारलंत?"

 चार महिने व्हर्नाचं अंथरूण-पांघरूण केलेली लीटा भांड्यांपाशी उभी होती, तिने मान खाली घातली. तिनेही कधी विचारलं नव्हतं.